मिऱ्याचा रहिवासी दाखला

देशांचे गट एकमेकांशी ‘सहकार्य’ करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे जाणून घ्यायचं असेल तर शिखर परिषदेचा संयुक्त जाहीरनामा वाचू नये. सकाळी साडेसातला चेन्नईच्या मैलापुरात पोंगल-वडा खावा. जाहीरनाम्याला चव नसते, आणि तो वाचून पोटही भरत नाही.

कपालीश्वराच्या देवळाभोवती चार माड वीथी आहेत. तिथल्या कुठल्याही मेसमध्ये केळीच्या पानावर काय पडतं? तुपात न्हालेला पोंगल आणि त्यात दाताखाली कचकन येणारं अख्खं मिरं. उडदाचा वडा. सांबार. शेवटी टंबलर-दबऱ्यातली कॉफी. शेजारी बसलेले मामा सांगतात, ही आमची शुद्ध मैलापुरी न्याहारी, पल्लवांपासून चालत आलेली. मामांचा शब्द मोडायचा नसतो. कस्टमवाला मात्र मोडेल. उडीद बहुधा म्यानमारचा. चेन्नई हे त्याचं उतरायचं मोठं ठिकाण, इतकं की देशभरचे दलाल उडदाचा भाव सांगताना ‘चेन्नई एसक्यू’ आणि ‘चेन्नई एफएक्यू’ याच भाषेत बोलतात. वडा पामतेलात तळलेला असेल तर ते तेल इंडोनेशियाचं, नाहीतर मलेशियाचं. यात गरीब-श्रीमंत भेद नाही; तमिळनाडूत रेशन दुकानावरसुद्धा पामोलिन २५ रुपये लिटरने मिळतं. सांबारातल्या हिंगाचा चीक अफगाणी, आणि त्याची डबी बऱ्याचदा मुंबईच्या लालजी गोधू यांची, जिला इथे सगळे ‘एलजी’ म्हणतात.

म्हणजे एका पानावर आग्नेय आशियाचा आसियान आणि दक्षिण आशियाचा सार्क हे दोन्ही गट मुकाट्याने शेजारी बसलेले. पंतप्रधानांना जमलं नाही ते आचाऱ्याने जमवलं.

आता करार पाहा. भारत आणि आसियान यांच्यात वस्तुव्यापाराचा करार झाला १३ ऑगस्ट २००९ रोजी, बँकॉकमध्ये. लागू झाला १ जानेवारी २०१० पासून. हजारो वस्तूंवरचं शुल्क काढायचं किंवा उतरवायचं ठरलं. पण पाच जिन्नस नाजूक म्हणून बाजूला काढले: कच्चं पामतेल, शुद्ध पामतेल, कॉफी, काळा चहा आणि मिरं. यांच्यावरचं शुल्क हळूहळू, दहा वर्षांत उतरवायचं. मिऱ्याचं ७० टक्क्यांवरून ५० वर, कॉफीचं १०० वरून ४५ वर. चहा सोडला तर ही सगळी यादी मैलापूरच्या न्याहारीत बसते. दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी ती उद्योग भवनात केली की माड वीथीत, असा संशय घ्यायला जागा आहे.

केरळला एवढंही पटलं नाही. २ ऑक्टोबर २००९ रोजी डाव्या आघाडीने कासरगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत माणसांची साखळी उभी केली. गांधीजयंतीचा मुहूर्त, हातात हात, आणि मागणी एकच: हात मिळवू नका.

तर मिरं. जगात सगळ्यात जास्त मिरं पिकवतो व्हिएतनाम, आणि तो आसियानमध्ये. त्याच्या मिऱ्याला भारतात पुढच्या दाराने यायचं तर पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त शुल्क. श्रीलंका सार्कमध्ये. शिवाय तिच्याशी आपला वेगळा मुक्त व्यापार करार आहे, डिसेंबर १९९८ मध्ये सही झालेला आणि मार्च २००० पासून लागू. त्यात वर्षाला अडीच हजार टन मिरं बिनशुल्क. त्यापुढचं मिरं ‘साफ्टा’ या सार्कच्या कराराखाली आठ टक्क्यांत. एका दारावर पन्नास, दुसऱ्यावर आठ. एवढी वजाबाकी चौथीतल्या पोराला जमते. व्यापाऱ्याला ती झोपेत जमते.

काही वर्षांतच केरळ आणि कोडगूचे मळेवाले बोंब मारू लागले की लंकेहून येणारं सगळंच मिरं लंकेत पिकलेलं नाही. व्हिएतनामी मिरं कोलंबोला उतरतं, तिथे दाखला काढतं आणि लंकेचं नागरिक होऊन आपल्याकडे येतं. आपल्याकडे रिक्षाचा परवाना मागणाऱ्याला महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला जोडावा लागतो. मिऱ्याला गोदामातला मुक्काम पुरत होता. नियम काय म्हणतो? शेतमाल असेल तर त्या देशातच पिकलेला हवा, आणि कारखान्याचा असेल तर मालाची ठरावीक टक्के किंमत तिथे वाढलेली हवी. नियमात खोट नाही. खोट इतकीच की पीक मळ्यात येतं आणि दाखला कचेरीत मिळतो, आणि या दोन्ही जागांमध्ये बरंच अंतर असतं.

सरकार जागं झालं. डिसेंबर २०१७ मध्ये मिऱ्याला किमान आयात किंमत लावली, किलोला ५०० रुपये. मग नवी तक्रार आली की बिलावरची किंमत फुगवून माल येतोच आहे. दाखले विकणाऱ्यांचं काय झालं, ते विचारू नका. मातळेच्या डोंगरात जो लंकेचा शेतकरी खरोखर मिरं लावतो, तो मात्र या फटक्यात अलगद सापडला. त्याचं मिरं अस्सल, त्याचा दाखला खरा, आणि दार बंद. खोटा दाखला घेऊन फिरणाऱ्याने त्या दाखल्याची किंमतच घालवली होती.

मैलापुरातल्या किराणा दुकानात या आंतरराष्ट्रीय प्रश्नाची सुनावणी अर्ध्या मिनिटात उरकते.

“अण्णाची, मिरं कुठलं?”

“वायनाडचं, सार.”

“आणि हे बाजूचं, स्वस्तातलं?”

“ते नुसतं मिरं, सार.”

मूळ देशाचे नियम इतक्या थोडक्यात जिनिव्हालाही कुणी सांगितले नसतील.

मिरं एकटं नाही. लंकेशी करार झाल्यावर तिथे वनस्पती तुपाचे कारखाने भराभर उभे राहिले. लंकेची माणसं डालड्यावर अचानक भाळली होती असं नव्हे. पामतेल आणायचं मलेशिया-इंडोनेशियाहून, घट्ट करायचं लंकेत आणि पाठवायचं भारतात, शुल्काविना. त्या कारखान्यांत पैसा कुणाचा? बराचसा आपल्याच उद्योगपतींचा. इकडचे वनस्पतीवाले रडायला लागले तेव्हा दिल्लीने वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घातली, आयात सरकारी संस्थेमार्फत वळवली, आणि ते कारखाने जसे आले तसे कापरासारखे उडून गेले.

नेपाळची गोष्ट तर याहून रंगतदार. २०१९-२० मध्ये नेपाळच्या निर्यातीत पहिला नंबर पामतेलाचा होता. नेपाळात पामचे मळे नाहीत. कच्चं तेल समुद्रमार्गे कोलकात्याकडच्या बंदरात उतरायचं, भारतातूनच टँकरने वर नेपाळात जायचं, तिथे शुद्ध व्हायचं आणि सार्कचं भावंड म्हणून शुल्क न देता भारतात परत यायचं. गंगास्नानानेही इतकी शुद्धी होत नाही. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाची आयात निर्बंधाखाली टाकली आणि नेपाळची निर्यात गडगडली. व्यापारी हुशार, त्यांनी पाम सोडून सोयाबीन तेल धरलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीमाशुल्काचे नवे नियम आले: परदेशी दाखला पुरेसा नाही, माल कुठला याचा पुरावा आयातदारानेच हाताशी ठेवायचा. चांगलं झालं. पण या तिन्ही गोष्टींत परकं कोण होतं, हेही एकदा बघा. गिऱ्हाईक आपलं, आयातदार आपला, पुष्कळदा भांडवलही आपलं. आपण शेजाऱ्याचा फक्त पत्ता वापरला. मग तोच शेजारी बेभरवशाचा निघाला म्हणून गळा काढला. दोन गटांशी दोन वेगळे दर ठेवायचे आणि माल स्वस्त दाराकडे वळला की नवल करायचं, याला आपल्याकडे व्यापारधोरण म्हणतात.

इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्यांसाठी एक आठवण. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारूस नावाचं बंदर आहे, जुन्या जगात कापरासाठी प्रसिद्ध. तिथे सन १०८८ चा एक तमिळ शिलालेख सापडला आहे. तो कुणा सम्राटाचा नाही, तर ‘पाचशे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा. या पाचशेंचं मूळ कर्नाटकातल्या ऐहोळचं. शिलाहारांच्या काळातल्या कोल्हापूर-मिरजेकडच्या लेखांतही ते भेटतात. म्हणजे कोल्हापूरच्या पेठेपासून सुमात्राच्या कापरापर्यंत एकच संघटना, आपापसात ठरवलेल्या नियमांवर चाललेली. तिने शिखर परिषद भरवल्याचा पुरावा मिळालेला नाही. कदाचित म्हणूनच ती काही शतकं टिकली.

पुढे पोर्तुगीज आले. मैलापुरात लझ चर्च उभं आहे, त्यावर १५१६ चा लेख आहे. शेजारच्या सान थोमेत त्यांची वसाहत झाली. समुद्रावर त्यांनी कार्ताझची पद्धत आणली: आमचा परवाना घ्या, नाहीतर जहाज बुडवू. मराठी आरमाराचा इतिहास वाचणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. यातली गंमत अशी की सान थोमेचे पोर्तुगीज गोव्याच्या सरकारला फारशी दाद न देता पेगू आणि मलाक्क्याशी आपला आपला कापडाचा व्यापार करत. परवाने काढणाऱ्यांच्या घरातच परवान्याला वळसा घालणारे निपजतात, हा नियम मिऱ्याच्या आधी पाचशे वर्षं सिद्ध झालेला आहे.

आणि विसाव्या शतकात? मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर बोट मेलमध्ये बसावं, धनुष्कोडीला उतरावं, आगबोटीने तलैमन्नार गाठावं आणि पुढच्या रेल्वेने कोलंबोला पोहोचावं, अशी सोय १९१४ पासून होती. तेव्हा सार्क नव्हती. डिसेंबर १९६४ च्या वादळाने धनुष्कोडी धुऊन नेली आणि तो मार्ग तुटला. आता सार्क आहे, बिमस्टेक आहे, ‘जोडणी’ हा प्रत्येक भाषणातला लाडका शब्द आहे. नागपट्टिनमहून लंकेच्या कांकेसंतुरैला प्रवासी बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये थाटामाटात निघाली, हवामानाच्या कारणाने आठवड्यात थांबली आणि पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. भाषणांना मात्र कुठलंही हवामान चालतं.

सार्कचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात जन्म. आठ देश. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत. २०१६ ची इस्लामाबादला व्हायची होती. उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली ती झालीच. सोसायटीतल्या दोन बिऱ्हाडांचं वैर म्हणून वार्षिक सभाच बंद, असला हा कारभार. उरलेल्या बिऱ्हाडांनी मग काय केलं? पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि मालदीव यांना वगळून, पलीकडच्या इमारतीतल्या थायलंड आणि म्यानमारला घेऊन वेगळा ग्रुप काढला. तोच बिमस्टेक. ग्रुप जुनाच, १९९७ चा. पण सभा बंद पडल्यावर त्याची आठवण झाली. पाच सार्कमधले, दोन आसियानमधले. खरं तर याच ग्रुपने दोन गटांमधला पूल व्हायचं. त्याच्या मुक्त व्यापार कराराचा आराखडा २००४ मध्ये ठरला आणि करार अजून व्हायचा आहे. सनद मंजूर झाली २०२२ मध्ये, म्हणजे बारसं पंचविसाव्या वर्षी. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या शिखर परिषदेत सागरी वाहतुकीचा करार तेवढा सहीपर्यंत आला. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांना समुद्र आठवायला अठ्ठावीस वर्षं लागली.

परिणाम आकड्यांत दिसतो. आसियानच्या देशांचा जवळपास चौथा हिस्सा व्यापार आपापसात होतो. दक्षिण आशियाचा पाच टक्क्यांच्या आसपास. घरात बोलणं नाही म्हणून आपण बाहेर फार बोलतो. त्या बाहेरच्या गटाशीही २०१०-११ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलर असलेली आपली तूट २०२२-२३ पर्यंत ४३ अब्जांच्या वर गेली, तेव्हा आता तोच करार पुन्हा तपासायला काढला आहे. आसियानसह पंधरा देश एका मोठ्या व्यापारगटात शिरायला निघाले, तेव्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण बँकॉकलाच जाऊन नको म्हणून आलो. बँकॉकने आपला होकारही पाहिला आहे आणि नकारही. हॉटेलवाल्यांना दोन्हीचं भाडं मिळालं.

युरोपचं तरी वेगळं काय? युरोपीय संघाने आसियानशी गटाला गट भिडवून बोलणी २००७ मध्ये सुरू केली आणि २००९ मध्ये थांबवली. मग सिंगापूरला वेगळं गाठलं, व्हिएतनामला वेगळं. दक्षिण अमेरिकेच्या मर्कोसुरशी १९९९ मध्ये बसलेले युरोपवाले डिसेंबर २०२४ मध्ये माँटेव्हिडिओत ‘ठरलं’ म्हणून उठले, तोवर फ्रान्सचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर होते. गट एकमेकांना मिठ्या मारतात. बरगड्या शेतकऱ्याच्या मोडतात, हे पॅरिसपासून लातूरपर्यंत सारखंच. लातूर-अकोल्याच्या तूरवाल्याला विचारा. इकडे तूर महागली की म्यानमारच्या ‘लेमन’ तुरीला दार सताड उघडं. ते बंद करायची आठवण इकडचा भाव पडल्यावर येते.

हे सगळं वाचून डोकं धरलं असेल, तर मैलापुरात त्याचीही सोय आहे. लझ चर्च रोडवर अमृतांजनची कंपनी. बाम जन्मला १८९३ साली मुंबईत, काढणारे काशीनाथुनी नागेश्वर राव आंध्रचे, पुढे बिऱ्हाड मद्रासला. खंडाळ्याच्या घाटातल्या जुन्या पुलाला मराठी माणसाने त्याच्या जाहिरातीवरून नाव देऊन टाकलं. तो पूल २०२० मध्ये पाडला. डोकेदुखी शाबूत आहे. आता या बामाचं मूळ कुठलं? मुंबई, आंध्र की मैलापूर? सुदैवाने त्या काळी कुणी दाखला मागितला नाही.

परिषदवाल्यांनी मैलापूरकडून एक गोष्ट मात्र जरूर शिकावी. डिसेंबर १८८४ मध्ये अड्यारचं थिऑसॉफिकल अधिवेशन आटोपल्यावर सतरा माणसं मैलापुरात दिवाण बहादूर रघुनाथ राव यांच्या घरी जमली आणि देशव्यापी राजकीय संघटनेचा विचार तिथे झाला, असं ॲनी बेझंट यांनी लिहून ठेवलं आहे. रघुनाथ राव तंजावरी मराठी घराण्यातले, इंदूरला होळकरांचे दिवाण राहिलेले. पुढच्याच वर्षी काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्याला ठरलं. पुण्यात कॉलरा आला, तेव्हा ते मुंबईला भरवलं. जागा बदलली, अधिवेशन रद्द केलं नाही. एवढी साधी युक्ती आठ सार्वभौम देशांना इतक्या वर्षांत सुचलेली नाही.

आणि दोन्ही गटांना खरंच काही करायचं असेल, तर नवी परिषद नको, नवा कार्यगट नको, नवं बोधचिन्ह तर मुळीच नको. कोलंबो, काठमांडू, हनोई आणि चेन्नई इथल्या कस्टम कचेऱ्यांनी दर महिन्याला एकमेकींना तीन आकडे पाठवावेत: आमच्याकडे मिरं पिकलं किती, बाहेरून उतरलं किती, पुढे गेलं किती. वजाबाकी येणारा एक कारकून बसवला की खोटा दाखला टेबलावरच पकडला जाईल, मातळेचा शेतकरी सुटेल आणि कोडगूचा मळेवालाही गप्प बसेल. खर्च एका पगाराचा.

म्हणूनच तो कारकून कुणी नेमणार नाही.